पूर्व तिमोर: चोवीस वर्षं मिटू न दिलेला प्रश्न

रानवाटा

ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालालंपूरच्या परिषदेत तिमोर-लेस्ते, म्हणजे आपण ज्याला पूर्व तिमोर म्हणत आलो तो देश, आसियानचा अकरावा सदस्य झाला. पंतप्रधान म्हणून तिथे हजर होते शनाना गुस्माव. तिमोरच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते असलेल्या याच शनानांना नोव्हेंबर १९९२ मध्ये इंडोनेशियाच्या लष्कराने राजधानी दिली इथे पकडलं होतं. जन्मठेप झाली, ती पुढे वीस वर्षांवर आली, आणि जकार्ताच्या चिपिनांग तुरुंगात त्यांची सहाहून अधिक वर्षं गेली. इंडोनेशिया आसियानच्या संस्थापक देशांपैकी एक. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही, म्हणून हा धागा.

देश केवढा? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तर त्याहून जरासा मोठा. लोकसंख्या आज साडेतेरा लाखांच्या आसपास.

पोर्तुगीज इथे सोळाव्या शतकात आले ते चंदनासाठी. बेटाचा पश्चिम भाग पुढे डचांकडे गेला आणि पूर्वेकडचा पोर्तुगीजांकडे राहिला. १८५९ च्या करारात वाटणी झाली, शेवटची रेघ १९१४ मध्ये पडली. ओएकुसी हा तुकडा मात्र पश्चिम तिमोरच्या पोटात अडकून पडला, तो आजही तसाच आहे. चंदन तोडून संपवलं, मग कॉफी लावली. रस्ते, शाळा, दवाखाने यांच्या बाबतीत लिस्बनने या बेटाकडे शेवटपर्यंत पाठ फिरवली. डोईपट्टी आणि सक्तीच्या मजुरीला कंटाळून १९११-१२ मध्ये मानुफाहीचा राजा दों बोआव्हेंतुरा उठला. तो उठाव मोडायला पार मोझांबिकहून सैनिक आणावे लागले.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट तर मला फार अस्वस्थ करते. पोर्तुगाल तटस्थ होता. तरीही डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक दिलीत उतरले, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्या मागोमाग जपानी आले. ऑस्ट्रेलियन कमांडो वर्षभर डोंगरात लढले ते गावकऱ्यांच्या जिवावर. तिमोरी पोरं त्यांचं सामान वाहायची, वाटा दाखवायची, त्यांना लपवायची. मग कमांडो बोटीत बसून निघून गेले आणि जपान्यांचा सूड गावांवर निघाला. उपासमार, बॉम्बहल्ले, कत्तली. त्या वेळच्या साडेचार-पाच लाख लोकांपैकी ४० ते ७० हजार माणसं गेली, असं मानलं जातं. युद्ध संपलं आणि पोर्तुगीज परत येऊन बसले, जणू काही झालंच नव्हतं.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही पडली आणि वसाहती सोडायच्या ठरल्या. तिमोरमध्ये पक्ष उभे राहिले: पोर्तुगालशी नातं ठेवून हळूहळू पुढे जावं म्हणणारा यूडीटी, पूर्ण स्वातंत्र्य मागणारा फ्रेटिलिन, आणि इंडोनेशियात सामील व्हावं म्हणणारा छोटा अपोदेती. ऑगस्ट १९७५ मध्ये यूडीटीने सत्ता बळकावायचा प्रयत्न केला, आपसात लढाई झाली, फ्रेटिलिन जिंकलं. पोर्तुगीज गव्हर्नर आपली माणसं घेऊन समोरच्या आताउरो बेटावर जाऊन बसला. सीमेवर इंडोनेशियाच्या कुरापती चालूच होत्या. २८ नोव्हेंबर १९७५ ला फ्रेटिलिनने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नवव्या दिवशी, ७ डिसेंबरला, दिलीवर छत्रीधारी सैनिक उतरले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्यासमोर बसले होते. त्या बैठकीचे कागद २००१ मध्ये खुले झाले. सुहार्तोंनी हल्ल्याचा विषय काढला होता आणि पाहुण्यांनी हरकत घेतली नव्हती, हे त्यात स्पष्ट दिसतं.

पुढे काय घडलं ते तिमोरच्या सत्य आयोगाने २००५ च्या अहवालात मांडलं. १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० मृत्यू. त्यात सुमारे १८,६०० जण मारले गेले किंवा बेपत्ता झाले, आणि सुमारे ८४,२०० भूक आणि आजाराने गेले. यातला दुसरा आकडा बघा. १९७७ ते ७९ मध्ये डोंगरातल्या लोकांना वेढा घालून, पिकं नष्ट करून खाली उतरायला लावलं आणि छावण्यांत डांबलं. शेत लावायला बाहेर पडायची बंदी. माणसं तिथे अन्नावाचून मेली. फ्रेटिलिनचे नेते निकोलाउ लोबातो ३१ डिसेंबर १९७८ ला लढताना मारले गेले. त्या दिवशी जगातल्या कुठल्याही मुत्सद्द्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की हा विषय संपला.

तो संपला नाही, आणि मला धाग्यात हेच मांडायचंय. तिमोरने इंडोनेशियाचा लढाईत पराभव केला नाही, तशी ताकद त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांनी एवढंच केलं की प्रश्न मिटू दिला नाही. डोंगरात थोडे लढवय्ये जिवंत ठेवले, शहरात विद्यार्थ्यांचं गुप्त जाळं विणलं, चर्चमध्ये स्थानिक तेतुम भाषेत प्रार्थना चालू ठेवली, आणि न्यूयॉर्कमध्ये जोझे रामोस-होर्टा नावाचा माणूस वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिला. जग बदललं तेव्हा प्रश्न तिथेच, टेबलावर होता.

खडूफळा

धाग्याबद्दल मनापासून आभार. दिलीतल्या सांता क्रूझ दफनभूमीपाशी झालेल्या गोळीबाराचा उल्लेख राहिला, तो मी करतो, कारण माझ्या मते कलाटणी तिथे आहे.

१२ नोव्हेंबर १९९१. मोताएल चर्चमध्ये मारल्या गेलेल्या सेबास्तियाव गोमिश या तरुणासाठी प्रार्थना झाली आणि लोक त्याच्या थडग्याकडे मिरवणुकीने निघाले. बहुतेक कॉलेजची, शाळेची मुलं. दफनभूमीपाशी सैनिकांनी गोळीबार केला. अडीचशेहून जास्त माणसं मारली गेली असं तिमोरी संघटनांची यादी सांगते. लष्कराने सुरुवातीला १९ सांगितले, मग चौकशीत पन्नासच्या आसपास.

याआधीही कत्तली झाल्या होत्या, १९८३ मध्ये क्रारासला तर गावच्या गाव उजाड झालं. पण तिथे कॅमेरा नव्हता. इथे मॅक्स स्टाल हे ब्रिटिश पत्रकार चित्रण करत होते. पकडले जाण्याआधी त्यांनी टेप एका थडग्यात पुरून ठेवली, सुटल्यावर रात्री जाऊन उकरून काढली, आणि ती देशाबाहेर गेली. एमी गुडमन आणि ॲलन नेअर्न हे अमेरिकन पत्रकारही तिथे होते. नेअर्नचं डोकं बंदुकीच्या दस्त्याने फोडलं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने इंडोनेशियाच्या लष्कराच्या प्रशिक्षणाचा एक निधी बंद केला. सोळा वर्षं जे निवेदनांनी झालं नाही ते काही मिनिटांच्या चित्रणाने सुरू झालं. मी मुलांना इतिहास शिकवतो, आणि साधन म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. या विषयावर आपण गोंयकारांनी आणि मराठी माणसांनी बोलायलाच हवं, कारण आपला संबंध दोन बाजूंनी आहे.

एक, तिमोरचा कारभार दीर्घकाळ गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. एकाच साम्राज्याची ही दोन टोकं.

दुसरी बाजू जास्त कडू आहे. १२ डिसेंबर १९७५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने इंडोनेशियाने माघार घ्यावी असा ठराव केला. बाजूने ७२, विरोधात १०, तटस्थ ४३. भारत त्या विरोधातल्या दहांत होता. आणि परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६१ मध्ये गोव्याच्या प्रश्नावर इंडोनेशिया आपल्या पाठीशी उभा राहिला होता, अलिप्ततावादी चळवळीतला जुना सोबती होता, हे सगळं मला कळतं. इंडोनेशियाच्या बाजूने युक्तिवाद करणारे गोव्याचं उदाहरणही देत, की पोर्तुगिजांचा उरलेला तुकडा शेजारच्या मोठ्या देशाने घेतला तर बिघडलं काय. मला त्या तुलनेचा राग येतो. पण आपणच मत देऊन तिला बळ दिलं.

वकीलकाका

मांडवीकाठ, तुलना का टिकत नाही ते कायद्याच्या अंगाने सांगतो.

गोव्याच्या बाबतीत पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार करून भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. सह्या मारियो सोआरिश आणि यशवंतराव चव्हाणांच्याच. प्रश्न तिथे मिटला. तिमोरबाबत पोर्तुगालने असं काहीच कधी मान्य केलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी तिमोर शेवटपर्यंत ‘स्वयंशासन नसलेला प्रदेश’ आणि पोर्तुगाल त्याचा प्रशासक देश असंच राहिलं. सुरक्षा परिषदेने २२ डिसेंबर १९७५ ला, ठराव ३८४, एकमताने इंडोनेशियाला विनाविलंब माघार घ्यायला सांगितलं होतं. जुलै १९७६ मध्ये इंडोनेशियाने सत्ताविसावा प्रांत म्हणून घोषणा केली ती या सगळ्यावर पाय देऊन.

या कागदी गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्याच उपयोगी पडल्या. १९८२ च्या मतदानात ठराव जेमतेम तरला: ५० विरुद्ध ४६, तटस्थ ५०. पुढच्या खेपेला हरण्याची भीती होती. म्हणून त्यानंतर मतदान घेतलंच नाही, विषय दरवर्षी पुढे ढकलत कार्यक्रमपत्रिकेवर ठेवला आणि महासचिवांमार्फत बोलणी चालू ठेवली. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि त्याच्या शब्दाला वजन आलं. १९९१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालने ऑस्ट्रेलियावर दावा लावला, तेव्हा इंडोनेशिया पक्षकार नाही म्हणून न्यायालयाने १९९५ मध्ये निकाल द्यायला नकार दिला. पण तिमोरी जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायम आहे हे त्याच निकालात नोंदवलं गेलं. हरलेल्या खटल्यातून एवढं हाती आलं.

खडूफळा

वकीलकाका, मुद्दा पटला, पण एक बोलतो. पोर्तुगालने मान्य केलं की नाही यावर मी सगळा भार टाकणार नाही. मालकाने सही केली म्हणून प्रश्न सुटतो, हे वसाहतवाल्यांचंच तर्कशास्त्र झालं. खरा फरक लोकांत आहे. गोव्यात सत्याग्रह करणारे, तुरुंगात गेलेले लोक भारतात यायलाच झगडत होते. १९६१ नंतर निवडणुका झाल्या, १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हेही गोवेकरांनीच ठरवलं आणि नाही म्हणाले. आपल्यातल्या कित्येकांना ते आवडलं नव्हतं, तरी मान्य झालं. तिमोरी लोकांना मात्र चोवीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. विचारलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे.

मांडवीकाठ

+१. हे मी जास्त मनापासून मान्य करतो.

सांजतारा

सगळे ठराव आणि नेत्यांबद्दल लिहितायत, म्हणून बायका-मुलांबद्दल लिहिते.

रोझा ‘मुकी’ बोनापार्ते ही फ्रेटिलिनच्या महिला संघटनेची संस्थापक. पोर्तुगालमध्ये शिकून आलेली. हल्ल्याच्या दिवसांतच दिलीत तिला मारलं. डोंगरात तळांवर साक्षरतेचे वर्ग चालवणं, निरोप पोचवणं, धान्य पुरवणं ही कामं पुढे बायकांनीच सांभाळली. पकडल्या गेलेल्या बायकांवर सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल सत्य आयोगापुढे कित्येकींनी उघडपणे साक्ष दिली. हजारो मुलं सैनिकांनी आणि संस्थांनी आई-बापांपासून तोडून इंडोनेशियात नेली. त्यांतली काही आता चाळिशी-पन्नाशीत आपलं गाव शोधत परत येतायत.

१९८१ मध्ये तर गावातल्या पुरुषांना आणि मुलांना हातात हात धरून साखळी करायला लावली आणि डोंगरावरून चालवलं, पुढे ते आणि मागे सैनिक, म्हणजे लपलेल्या लढवय्यांना गोळी झाडता येऊ नये. शेतीच्या हंगामात. त्या वर्षी पीक कुठून येणार?

चर्चबद्दलही एक. १९७५ मध्ये कॅथलिक लोक साधारण तिसरा हिस्सा होते, नव्वदच्या दशकात नव्वद टक्क्यांच्या आसपास. लोकांना बोलायला, रडायला, जमायला दुसरी जागाच उरली नव्हती. बिशप बेलो यांनी १९८९ मध्ये महासचिवांना पत्र लिहून जनमत मागितलं आणि १९९६ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि रामोस-होर्टांना मिळालं. मात्र २०२० मध्ये अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून व्हॅटिकनने बेलो यांच्यावर निर्बंध घातले, हेही नोंदवायला हवं. त्या मुलांचं दुःखही तिमोरचंच आहे.

जुना_वाचक

धागा माहितीपूर्ण आहे, पण रानवाटा यांच्या मूळ मांडणीशी मी सहमत नाही. १९९७ ला आशियाई चलनसंकट आलं नसतं, रुपिया कोसळला नसता, मे १९९८ मध्ये सुहार्तो गेले नसते, तर शनाना चिपिनांगमध्येच म्हातारे झाले असते. सुहार्तोंच्या जागी आलेल्या हबीबींनी जानेवारी १९९९ मध्ये जनमताचा पर्याय दिला तो तिमोरच्या चिकाटीपुढे नमून नव्हे. तिजोरी रिकामी, देणगीदार देश डोक्यावर बसलेले, आणि हा एक प्रांत नुसता खर्चाचा. लहान देश स्वतःच्या जोरावर सुटत नाहीत, मोठ्यांचं गणित बदललं की सुटतात.

रानवाटा

जुना_वाचक, संकटाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याच संकटात इंडोनेशियातून सुटू पाहणारे आचेह आणि पापुआ हे प्रांतही होते, त्यांना जनमत मिळालं नाही. तिमोरलाच का मिळालं? कारण त्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय दप्तरात जिवंत होता, विचारायचं काय आणि विचारणार कोण हे ठरवता येण्याजोगं होतं. दार बाहेरच्या वाऱ्याने उघडलं असेल, पण उंबऱ्यावर कुणी उभंच नसतं तर काय झालं असतं?

आणि १९९९ चं वर्ष पाहा. ५ मेला न्यूयॉर्कमध्ये करार झाला, पण सुरक्षेची जबाबदारी ठेवली इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे. तोवर लष्कराने पोसलेल्या टोळ्या मोकाट सुटल्या होत्या. एप्रिलमध्ये लिकिसाच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांची कत्तल झाली. हेतू सरळ होता: फालिन्तिलने, म्हणजे तिमोरी लढवय्यांच्या सेनेने, डोंगरातून उतरून उलट हल्ला करावा, आणि मग जगाला दाखवता यावं की हे तर यादवी युद्ध आहे. फालिन्तिल आपापल्या छावण्यांत बसून राहिलं. शनानांचा आदेश होता. आपल्या बहिणी-भावांची घरं जळताना डोंगरावरून धूर दिसतोय, हातात बंदूक आहे, आणि उतरायचं नाही. चोवीस वर्षांतलं सर्वांत अवघड काम ते हेच होतं असं मला वाटतं. एक गोळी सुटली असती तर मतदान रद्द करायला कारण मिळालं असतं.

३० ऑगस्टला मतदान झालं. धमक्या असूनही लोक पहाटेपासून रांगा लावून होते. नोंदलेल्या साडेचार लाखांपैकी ९८.६ टक्के लोकांनी मत दिलं, आणि ७८.५ टक्क्यांनी इंडोनेशियातली स्वायत्तता नाकारली. निकाल लागला आणि जाळपोळ सुरू झाली. सुआईच्या चर्चमध्ये धर्मगुरूंसह लोकांना मारलं. वर्षभरात मिळून सुमारे १,४०० माणसं मारली गेली, अडीच लाख लोक पश्चिम तिमोरमध्ये हाकलले गेले, देशातल्या बहुतेक इमारती आणि सोयी उद्ध्वस्त झाल्या. २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज उतरली. मग सर्जियो व्हिएरा द मेलो यांच्या हाताखाली संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन, आणि २० मे २००२ ला स्वातंत्र्य.

पायवाट

वाचतेय. फार मोलाचा धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जुना_वाचक

रानवाटा, आचेहचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. पण मग न्यायाचं काय? इतकं करून कुणाला शिक्षा झाली?

वकीलकाका

जवळजवळ नाहीच. जकार्ताच्या खास न्यायालयात १८ जणांवर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या, अपिलांत शेवटी सगळे सुटले. दिलीत संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या न्यायालयाने ८४ जणांना दोषी ठरवलं. ते बहुतेक टोळ्यांतले साधे तिमोरी होते, हुकूम देणारे सीमेपलीकडे राहिले. सेनाप्रमुख वीरांतो यांच्यावर २००३ मध्ये तिथे आरोपपत्र दाखल झालं, पण तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेले शनाना आणि तिथलं सरकार यांनी ते पुढे रेटलं नाही. २००८ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाने इंडोनेशियाच्या लष्कराची, पोलिसांची जबाबदारी मान्य केली आणि इंडोनेशियाचे अध्यक्ष युधोयोनो यांनी खेद व्यक्त केला. त्यातून मात्र खटला कुणावरही नाही.

सांजतारा

शेजारी एवढा मोठा असताना शनानांपुढे दुसरा मार्ग काय होता, हे मला समजतं. पण ज्यांची माणसं गेली त्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार त्यांना कुणी दिला, हा त्या घरांचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

दक्षिणदिशा

मी डार्विनला राहतो. दिली इथून विमानाने तास-सव्वा तास. सप्टेंबर १९९९ मध्ये दिलीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या आवारात अडकलेल्या सुमारे दीड हजार लोकांना इथेच आणलं होतं. डार्विनमधली जुनी माणसं अजून त्याबद्दल बोलतात, आणि महायुद्धात तिमोरी पोरांनी वाचवलेल्या सैनिकांबद्दलही. इथल्या सामान्य माणसाच्या मनात त्या ऋणाची जाणीव आहे. सरकारची गोष्ट वेगळी.

ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये इंडोनेशियाचं विलीनीकरण कायदेशीर म्हणून मान्य केलं. १९८९ मध्ये तिमोरच्या समुद्रातल्या तेलाची इंडोनेशियाबरोबर वाटणी केली. दोघा परराष्ट्रमंत्र्यांनी त्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात करारावर सह्या केल्या. तिमोर स्वतंत्र झाल्यावर २००४ मध्ये वाटाघाटींच्या काळात दिलीतल्या मंत्रिमंडळाच्या कार्यालयात ऑस्ट्रेलियन गुप्तचरांनी ऐकण्याची यंत्रं बसवली. ते उघड करणाऱ्या माजी अधिकाऱ्यावर आणि त्याच्या वकिलावर इथेच खटले चालले, वकिलावरचा २०२२ मध्ये मागे घेतला. शेवटी तिमोरने ऑस्ट्रेलियाला संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कायद्याखालच्या सक्तीच्या समेट प्रक्रियेत ओढलं. ती प्रक्रिया जगात पहिल्यांदाच वापरली गेली, आणि मार्च २०१८ मध्ये बऱ्याच अंशी मध्यरेषेवर सागरी सीमा ठरली. सीमा आखणं म्हणजे स्वातंत्र्याचाच राहिलेला भाग, असं तिमोरी लोक मानत आले.

मांडवीकाठ

अवांतर, पण भारताच्या नावे एक चांगली नोंदही असू दे. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांचं नेतृत्व आपल्या दोन मुत्सद्द्यांनी केलं: २००२ ते २००४ कमलेश शर्मा, आणि २००६ ते २००९ अतुल खरे. खऱ्यांचा काळ तर फार कठीण. २००६ मध्ये बडतर्फ सैनिकांवरून पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे अशी फूट पडून दीड लाख लोक घर सोडून तंबूंत आले होते.

दक्षिणदिशा, तेलाचं आता काय?

दक्षिणदिशा

ज्यावर देश चालला ते बायू-उंदान क्षेत्र आटलं, २०२५ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. २००५ मध्ये नॉर्वेच्या धर्तीवर उभा केलेला निधी आहे, पण सरकारचा बहुतेक खर्च त्यातूनच भागतो आणि दरवर्षी टिकण्याजोग्या मर्यादेपेक्षा जास्त काढला जातो. पुढची आशा ग्रेटर सनराइज क्षेत्रावर. वाद असा की वायूची नळी डार्विनला आणायची की तिमोरच्या दक्षिण किनाऱ्यावर. शनाना म्हणतात, आमच्याच किनाऱ्यावर, म्हणजे कारखाना आणि नोकऱ्या आमच्याकडे. कंपन्यांना वाटेतल्या खोल सागरी दरीची आणि खर्चाची धास्ती. मी इथे डार्विनमध्ये राहूनही सांगतो, नळी तिकडेच जावी असं मला वाटतं. खर्च जास्त येईल, तो ऑस्ट्रेलियाने उचलायला हरकत नाही.

रानवाटा

सहमत. २००६ ची फूट आणि निधीचा हिशोब यांवर वेगळा धागा काढतो, इथे ते घाईत उरकायला नको. मांडवीकाठ, १९७५ च्या मतदानाबद्दल त्या वेळी गोव्यातल्या वर्तमानपत्रांत काय छापून आलं होतं ते तुम्हाला पणजीच्या ग्रंथालयात बघता आलं तर जरूर लिहा.